व्हीएम बनवण्याआधी: पुढे काय बदलता येतं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेत तीन नवे सर्व्हर आले आहेत, प्रत्येकात ३२ कोअर आणि २५६ जीबी मेमरी. त्यांवर हायपरव्हायजर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक मशीनं चालवणारा प्रोग्रॅम, बसवून झाला आहे आणि विभागांकडून अशा व्हर्च्युअल मशीनच्या (व्हीएमच्या) मागण्या यायला लागल्या आहेत. कुणाला वेबसाइटसाठी हवं, कुणाला डेटाबेससाठी, कुणाला विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी. प्रत्येकाला किती कोअर द्यावेत, मेमरी किती, डिस्क कशी द्यावी, आणि दर वेळी पहिल्यापासून इन्स्टॉल करत बसायचं का?

माझं पहिलं सांगणं असं की प्रश्नांचा क्रम उलटा करा. कोअर आणि मेमरी किती, याची काळजी सगळे सुरुवातीला करतात. पण नंतर बदलायला सगळ्यात सोप्या त्याच दोन गोष्टी आहेत. मशीन बंद करा, आकडा बदला, पुन्हा चालू करा, झालं. उलट फर्मवेअर (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) कुठलं, डिस्कची मांडणी कशी, नाव काय, कुठल्या नेटवर्कात, सीपीयूचा प्रकार कुठला आणि मालक कोण, हे आपण फॉर्म भरताना दोन सेकंदांत ठरवून मोकळे होतो आणि मग ते वर्षानुवर्षं अंगावर वागवतो. म्हणून प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मला पुढच्या वर्षी बदलता येईल का? येत असेल तर कमीत कमी द्या आणि पुढे जा. येत नसेल तर तिथे थांबून विचार करा.

आधी सोपा भाग संपवतो. साध्या लिनक्स मशीनला २ कोअर आणि ४ जीबी, विंडोज सर्व्हरला २ कोअर आणि ८ जीबी, इथून सुरुवात करा. जास्त कोअर दिले की मशीन जास्त वेगानं चालतं ही समजूत मोडायला वेळ लागतो. हायपरव्हायजर प्रत्यक्ष कोअर सगळ्यांना आळीपाळीनं वाटून देतो. एकाच होस्टवर, म्हणजे एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर, ८-८ कोअरची दहा-बारा मशीनं ठेवली, तर प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. लिनक्स मशीनमध्ये टॉप ही आज्ञा चालवा आणि सीपीयूच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ म्हणून जो आकडा दिसतो तो बघा. मशीनला काम करायचं होतं पण होस्टनं कोअर दिला नाही, असा तो वेळ. तो सतत काही टक्क्यांवर राहत असेल तर होस्टवर गर्दी झाली आहे, आणि अशा वेळी मशीनला आणखी कोअर दिले तर गर्दी वाढते. ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरवर हीच गोष्ट ‘सीपीयू रेडी’ या नावानं दिसते.

एका विभागानं माझ्याकडे १६ कोअर मागितले होते, गणनेचं काम फार हळू होतं म्हणून. मशीन उघडून बघितलं तर एक कोअर १०० टक्क्यांवर आणि बाकीचे जवळजवळ रिकामे. प्रोग्रॅमच एका धाग्यावर (थ्रेडवर) चालणारा, म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरणारा होता. त्यांच्याच शेजारी बसून तो आलेख दाखवला, तेव्हा त्यांनी प्रोग्रॅम बदलायला घेतला. मागणी नाकारू नका, आकडा एकत्र बसून बघा. भांडणं तिथेच मिटतात.

मेमरीच्या बाबतीत मात्र मी हात आखडता ठेवतो. कोअर असतात त्यापेक्षा जास्त वाटले तरी चालतं, कारण बहुतेक मशीनं बहुतेक वेळ स्वस्थ असतात. मेमरी तशी नाही. एकदा मशीननं घेतली की ती सहसा परत सोडत नाही. बलूनिंग नावाची सोय आहे, तिच्यातून होस्ट आपल्यावर चालणाऱ्या पाहुण्या (गेस्ट) मशीनकडून मेमरी मागून घेतो. पण ती अडीअडचणीसाठी. रोजचा हिशेब तिच्या भरवशावर मांडू नका. तुमचा हिशेब असा होतो: तीन होस्ट मिळून ७६८ जीबी. त्यातला एक पडला तर उरलेल्या दोघांनी सगळा भार उचलायचा आहे, म्हणजे वाटण्यासाठी ५१२ जीबी. त्यातून हायपरव्हायजरची स्वतःची गरज वजा करा. साठवणीला झेडएफएस ही फाइल प्रणाली वापरत असाल तर त्याच्या कॅशचीही. म्हणजे साधारण ४५० जीबी ही तुमची खरी मर्यादा. हा आकडा आजच लिहून भिंतीवर लावा. वरचे तीनशे जीबी रिकामे दिसतात म्हणून ते वाटून टाकले, तर ज्या दिवशी होस्ट पडेल त्या दिवशी कुठली मशीनं उठणार नाहीत हे तुमच्या हातात राहणार नाही.

आता न बदलणाऱ्या गोष्टींकडे.

फर्मवेअर यूईएफआय, म्हणजे नव्या प्रकारचं, निवडा. काही हायपरव्हायजर अजूनही सुरुवातीला जुनं बायोस पुढे करतात आणि आपण नुसतं ‘पुढे’ दाबत जातो. जुन्या बायोसबरोबर एमबीआर ही डिस्कची जुनी मांडणी आली की बूट डिस्क २ टीबीच्या पुढे वापरता येत नाही, आणि विंडोज ११ ला तर यूईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतंच. नंतर बदलणं अशक्य नाही, पण चालू सेवेवर ती शस्त्रक्रिया करायची वेळ येऊ देऊ नका.

सीपीयूचा प्रकार हा असाच दुर्लक्षित रकाना. ‘होस्ट’ असं निवडलं तर मशीनला होस्टच्या सीपीयूचे सगळे गुण मिळतात. आज तिन्ही सर्व्हर एकसारखे आहेत, त्यामुळे चालून जाईल. तीन वर्षांनी चौथा, नव्या पिढीचा सर्व्हर आला की चालू मशीन तिकडून इकडे हलवता येत नाही, किंवा हलवलं तर कोसळतं. सर्वांना चालेल असा सामाईक नमुना आधीच निवडून ठेवा. वेगात पडणारा फरक बहुतेक सेवांना जाणवतही नाही. जड गणनेची दोन-चार मशीनं अपवाद म्हणून ‘होस्ट’वर ठेवा आणि तसं त्यांच्या टिपणात लिहा.

डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. एक्सएफएस फाइल प्रणाली लहान करायची सोय व्यवहारात नाहीच. म्हणून कुणी ५०० जीबी मागितले तर १०० द्या आणि ‘भरत आलं की कळवा, दहा मिनिटांत वाढवून देतो’ असं सांगा, आणि खरंच दहा मिनिटांत वाढवून द्या. नाहीतर पुढच्या वेळी तेच लोक हजार मागतील. दुसरं, ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क वेगळी आणि माहितीची वेगळी ठेवा. सिस्टिम जुनी झाली की नवं मशीन उभं करायचं, जुन्याची माहितीची डिस्क काढून नव्याला लावायची. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा ज्या मशीनांत हे वेगळेपण पाळलं होतं ती एकेका संध्याकाळी हलवून झाली. एकाच डिस्कवर सगळं कालवलेली मशीनं हलवायला पुढे कित्येक महिने लागले.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरवर असाल तर डिस्क आणि नेटवर्क दोन्ही व्हर्टआयओ, म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेल्या वेगवान प्रकारची निवडा. लिनक्सला ते आपोआप कळतं. विंडोजच्या इन्स्टॉलरला मात्र डिस्क दिसतच नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हमध्ये लावून ‘ड्रायव्हर लोड करा’ म्हणावं लागतं. पुष्कळजण इथे अडतात, आयडीई हा जुना प्रकार निवडून काम भागवतात आणि मशीन कायमचं मंद करून बसतात. नंतर सरळ व्हर्टआयओवर नेलं तर बूट होताना निळा पडदा. डिस्कच्या खिडकीत ‘डिस्कार्ड’चा पर्यायही चालू ठेवा, नाहीतर मशीनमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा साठवणीला परत मिळत नाही.

नेटवर्कबद्दल दोनच गोष्टी सांगतो, पण दोन्ही जपा. हायपरव्हायजरचं व्यवस्थापनाचं पान विद्यार्थ्यांच्या किंवा पाहुण्यांच्या व्हीलॅनमधून (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागातून) उघडता कामा नये. ते वेगळ्या व्हीलॅनमध्येच हवं. आणि प्रत्येक व्हीलॅन तिन्ही होस्टच्या स्विच पोर्टवर पोचला आहे का ते प्रत्यक्ष तपासा. दोन पोर्टवर परवानगी आहे आणि तिसऱ्यावर राहून गेली, ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते. मग एके रात्री मशीन आपोआप तिसऱ्या होस्टवर जातं, चालू दिसतं, कन्सोल उघडतो, पण नेटवर्क मुकं. नवा व्हीलॅन जोडला की एक चाचणीचं मशीन तिन्ही होस्टवर फिरवून पिंग करून बघायचं, हा मी नियमच केला आहे.

नाव ठेवताना त्यात माणसाचं नाव नको, होस्टचं नको, खोली क्रमांकही नको. माणसं बदलतात, मशीनं होस्ट बदलतात. काम सांगणारं नाव ठेवा आणि मशीन बनवण्याआधी डीएनएसमध्ये, म्हणजे नावं आणि पत्ते जुळवणाऱ्या सेवेत, नोंद करा, सरळ (नावावरून पत्ता) आणि उलटी (पत्त्यावरून नाव) दोन्ही. आयपी डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सेवेत) मॅक पत्त्यावर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्यावर, राखून दिला तर सगळे पत्ते एका जागी राहतात. मशीनच्या आत हातानं लिहिलेले पत्ते पुढे कुणालाच सापडत नाहीत.

दर वेळी पहिल्यापासून इन्स्टॉल करायचं का, या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. टेम्प्लेट करा. पण टेम्प्लेट म्हणजे एक मशीन नीट लावलं आणि त्याच्या प्रती काढल्या, एवढंच नव्हे. हे मला एका दुपारनं शिकवलं.

प्रात्यक्षिकासाठी उबुंटूची १२ मशीनं हवी होती. एक छान तयार केलं, त्याचे क्लोन (हुबेहूब प्रती) काढले आणि विद्यार्थ्यांना वाटले. पंधरा मिनिटांत तक्रारी: ‘सर, मी बनवलेली फाइल गेली’, ‘सर, इथे दुसऱ्याच कुणाच्या फाइली आहेत’. यादी बघितली तर बाराही मशीनांपुढे एकच आयपी. मॅक पत्ते तपासले, ते मात्र वेगवेगळे. मग मी स्विचवर संशय घेतला, डीएचसीपी सेवा पुन्हा चालू केली, केबलसुद्धा बदलली. कारण वेगळंच होतं. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे पत्ता मागताना स्वतःची ओळख मॅकवरून सांगत नाही, ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी या फाइलीवरून बनवतो. क्लोन करताना ती फाइल जशीच्या तशी बारा ठिकाणी गेली, आणि डीएचसीपी सर्व्हरच्या लेखी ते सगळे मिळून एकच मशीन होतं. त्यात आणखी एक चूक या चुकीवर पांघरूण घालत होती. एसएसएच या दूरून लॉगिन करायच्या सेवेच्या होस्ट किल्ल्याही, ज्यांवरून मशीनची ओळख पटते, सगळीकडे सारख्याच होत्या. त्या वेगळ्या असत्या, तर भलत्याच मशीनला जोडलं गेल्यावर ‘या यंत्राची ओळख बदलली आहे’ असा इशारा पहिल्याच मिनिटाला मिळाला असता. किल्ल्या सारख्या असल्यामुळे कुणालाच काही दिसलं नाही.

म्हणून मशीनचं टेम्प्लेट करण्याआधी त्याची ओळख पुसा. मशीन-आयडीची फाइल रिकामी करा, पण ती काढून टाकू नका; रिकामी असली की पुढच्या बूटला नवी ओळख तयार होते. एसएसएचच्या होस्ट किल्ल्या काढा. मात्र एक लक्षात ठेवा, डेबियन आणि उबुंटूवर त्या बूट होताना आपोआप परत बनत नाहीत. क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीन लावून देणारा प्रोग्रॅम) नसेल तर एसएसएच सेवाच उठत नाही आणि तुम्ही बाहेर राहता. त्यामुळे क्लाउड-इनिट ठेवाच. पहिल्या बूटला मशीनचं नाव, वापरकर्ता, त्याची सार्वजनिक किल्ली, डिस्क वाढवणं ही सगळी कामं तो करतो, आणि टेम्प्लेट बंद करण्याआधी त्याची ‘क्लीन’ आज्ञा चालवली की त्याला मागचं काही आठवत नाही. लॉग आणि जुने डीएचसीपी करार पुसा. टेम्प्लेटमध्ये कुठलाही पासवर्ड ठेवू नका. विंडोजची ओळख पुसायला सिसप्रेप हा प्रोग्रॅम, आणि डोमेनमध्ये (संस्थेच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत) जोडणं हे टेम्प्लेटमध्ये नको, क्लोन झाल्यावर. खरं तर लिनक्ससाठी मी आता स्वतः इन्स्टॉल करतच नाही. उबुंटू, डेबियन, रॉकी हे सगळे तयार क्लाउड इमेज (आधीच इन्स्टॉल केलेली डिस्क) देतात, त्यांवर आपल्या दोन-चार गोष्टी चढवल्या की पुरतं.

त्या दोन-चार गोष्टी म्हणजे गेस्ट एजंट (मशीनच्या आत राहून हायपरव्हायजरशी बोलणारा प्रोग्रॅम), वेळ जुळवणारी क्रोनी, लॉग बाहेर पाठवायची सोय आणि सुरक्षेचे अपडेट. वेळेकडे दुर्लक्ष करू नका. मशीन थांबवून पुन्हा चालू केलं की त्याचं घड्याळ मागे पडलेलं असू शकतं, आणि लॉगिन तपासणारी केर्बेरॉस पद्धत साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. लोक येऊन सांगतात, पासवर्ड चालत नाही. चूक घड्याळाची असते.

यानंतर स्नॅपशॉट. हा विषय मला मनापासून सांगायचा आहे, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान त्यातून झालं. स्नॅपशॉट घेतला की बहुतेक ठिकाणी मूळ डिस्कची फाइल गोठते आणि त्यानंतरचं सगळं लेखन एका वेगळ्या फाइलीत जायला लागतं. ती फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. मी एका डेटाबेसच्या मशीनचा अपग्रेडआधी स्नॅपशॉट घेतला, अपग्रेड नीट झालं, सगळे खूश, आणि स्नॅपशॉट काढायचा राहिला. अकरा आठवड्यांनी पहाटे साठवण शंभर टक्के भरली. तिथे डिस्का थिन होत्या, म्हणजे कागदावर दिलेली जागा प्रत्यक्ष असलेल्या जागेपेक्षा जास्त होती. त्यामुळे एकटं ते मशीन थांबलं नाही, त्या साठवणीवर लिहिणारं प्रत्येक मशीन थांबलं. स्नॅपशॉट काढून टाकावा तर विलीन करायलाही जागा लागते. आधी दोन मशीनं दुसरीकडे हलवली, मग विलीनीकरण सुरू केलं आणि ते संध्याकाळपर्यंत चाललं. व्हीएमवेअरचा सल्लाच आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तुमचा हायपरव्हायजर कुठलाही असो, हाच नियम धरा. तीन दिवसांपेक्षा जुने स्नॅपशॉट शोधून रोज सकाळी मेल पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, आणि साठवण ८० टक्के भरली की इशारा येईल अशी सोय करा.

स्नॅपशॉट हा बॅकअप नाही. मूळ डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप वेगळ्या यंत्रावर, आणि एक प्रत वेगळ्या इमारतीत. गेस्ट एजंट असेल तर बॅकअपच्या क्षणी फाइल प्रणाली गोठवली जाते आणि प्रत सुसंगत मिळते. तरीही डेटाबेसचा स्वतःचा डंप (त्यानंच काढलेली माहितीची प्रत) रोज घ्याच. आणि महिन्यातून एकदा कुठलंही एक मशीन बॅकअपमधून बंदिस्त नेटवर्कमध्ये उभं करून बघा. उभं राहिलं तरच तो बॅकअप.

मालक आणि मुदत. मागणीच्या फॉर्मवर जबाबदार माणसाचं नाव, विभागातलं दुसरं एक नाव, कामाचं एक वाक्य आणि संपण्याची तारीख, हे चार रकाने सक्तीचे करा. तारीख पुढे ढकलता येईल, पण कोरी ठेवता येणार नाही. प्रकल्प संपतात, विद्यार्थी निघून जातात, मशीन मात्र चालतच राहतं, अपडेटविना, इंटरनेटला उघडं. मुदत संपली की लगेच पुसू नका. आधी नेटवर्क काढा, आठवड्यानं बंद करा, आणखी महिनाभर थांबा, शेवटचा बॅकअप घेऊन मग पुसा. वर्षातून एकदाच वार्षिक अहवालासाठी लागणारं मशीन असंच वाचतं.

परवान्यांबद्दल थोडक्यात: विंडोज सर्व्हरचे परवाने सहसा प्रत्यक्ष कोअरवर मोजले जातात, होस्टचे सगळे कोअर भरावे लागतात, आणि स्टँडर्ड आवृत्तीच्या एका भरण्यात दोनच विंडोज व्हीएम बसतात. मशीनं तिन्ही होस्टवर फिरणार असतील तर तिन्हींचा हिशेब करा, आणि तो खरेदीच्या माणसाबरोबर बसून करा.

एक अडचण तुमच्या प्रश्नात नाही, पण तीन सर्व्हरच्या संस्थेत हमखास येते. डीएनएस आणि लॉगिनचा सर्व्हर दोन्ही व्हीएम असतात, आणि हायपरव्हायजर त्याच डीएनएसवरून एकमेकांना आणि साठवणीला शोधतो. पूर्ण वीज गेली की काहीच उठत नाही, कारण प्रत्येकजण दुसऱ्याची वाट बघतो. होस्टचे आणि साठवणीचे पत्ते प्रत्येक होस्टच्या होस्ट्स फाइलीत लिहून ठेवा, हायपरव्हायजरचं एक स्थानिक खातं डोमेनवर अवलंबून न ठेवता जपा, आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात कागदावर असू द्या. डीएनएसची दोन मशीनं कधीही एका होस्टवर येणार नाहीत असा नियम लावा, आणि बूट होण्याच्या क्रमात ती सगळ्यांच्या आधी ठेवा.

तुमचे सर्व्हर अजून रिकामे आहेत, ही संधी पुन्हा मिळणार नाही. विभागांना मशीनं देण्याआधी टेम्प्लेटवरून पाच-सहा चाचणीची मशीनं उभी करा, त्यांच्यात थोडं लेखन चालू ठेवा, आणि एका होस्टची वीज सरळ काढा. तीनपैकी दोन उरले की बहुमत टिकतं, म्हणजे पुढचा निर्णय घ्यायचा अधिकार त्या दोघांकडे राहतो, त्यामुळे मशीनं दुसरीकडे उठायला हवीत. किती मिनिटांत उठली, कुठलं उठलं नाही, नेटवर्क आलं का, ते लिहून ठेवा. मग दुसऱ्या होस्टबरोबर तेच करा, आणि तिसऱ्याबरोबरही. शेवटी तिन्ही एकदम बंद करून पहिल्यापासून चालू करा आणि त्या वेळी तुम्हाला हातानं काय काय करावं लागलं, ते क्रमानं लिहून पासवर्डच्या पाकिटात घाला.